माडावरून पडलेल्या माणसाचं औषध

वसईकडच्या आमच्या निर्मळ गावातले हिरामणभाऊ राऊत व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष कसे झाले, हे आधी सांगायला हवं, कारण त्यात त्यांचा काही दोष नव्हता. समिती स्थापन झाली त्या सभेत अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. भाऊ मागच्या खुर्चीत डुलक्या घेत होते. मान खाली-वर होत होती. लोकांनी तीच संमती धरली. टाळ्यांनी जाग आली तेव्हा गळ्यात हार पडलेला होता, आणि तो त्यांच्याच वाडीतल्या झेंडूचा असल्यामुळे परत करणंही बरं दिसेना.

तेव्हापासून दर वर्षी एकतीस डिसेंबरच्या आधी भाऊ शाळेतल्या मुलांची फेरी काढतात. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात फलक. नंतर देवळासमोर भाषण. भाषण एकच आहे आणि ते मुलांनाही पाठ आहे. मध्येच भाऊ अडखळले तर पुढचं वाक्य पहिली-दुसरीची पोरं सांगतात.

भाऊ स्वतः दारू पीत नसत. म्हणजे ज्याला चारचौघांत पिणं म्हणतात, तसं पीत नसत. पण वाडीतल्या पंपाच्या खोलीत, खताच्या गोणीमागे, एक बाटली असायची. पलीकडच्या गावातला फर्डिनंड हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. तो घरी लवंग-दालचिनी घालून मुरवलेली दारू दर नाताळला न चुकता पोचवायचा. भाऊंच्या लेखी ती दारू नव्हतीच, औषध होतं. आमच्या वाड्यांमधून जुनी रीतच आहे तशी. कुणी माडावरून पडला, की त्याला आधी घोटभर पाजायची आणि मग कुठे लागलं ते विचारायचं. डॉक्टर, रिक्षा, नातेवाईक हे सगळं त्यानंतर. आता आमच्या आळीत कित्येक वर्षांत माडावरून कुणी पडलेलं नव्हतं. औषध मात्र दर नाताळला नवं लागायचं, हा भाग वेगळा.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये केयूरचं लग्न आलं.

केयूर चांदीपचा. त्याच्या वडिलांची जमीन मोठ्या रस्त्याला लागून, त्यामुळे घरात एकाएकी सुबत्ता आली होती, आणि सुबत्ता आली की ती लोकांना दिसावी लागते. मुलगी, हेमाली, आमच्या शेजारच्या गासची. चांदीपहून गासला गाडीने यायचं म्हणजे वाटेतल्या वाहतुकीत नवऱ्यामुलाचे केस पिकायचे. म्हणून हेलिकॉप्टर. निदान केयूरचे वडील सांगताना तसंच सांगायचे, जणू दुसरा काही इलाजच नव्हता. नवरदेव हेलिकॉप्टरने उतरणार, आणि अक्षता पडल्या की त्याच हेलिकॉप्टरमधून नवऱ्याचे मामा मांडवावर फुलं उधळणार. परवानग्या काढता काढता तिघांच्या चपला झिजल्या. ज्यांनी सही केली त्यांचे फोटो लग्नाच्या फलकावर, ज्यांनी केली नाही त्यांचे जरा मोठे.

हेलिकॉप्टर चालवणारा मुलगा कुणी परदेशातला नव्हता. विरार पश्चिमेला बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या आशालताबाईंचा अनुज. मूळचे देवरुखकडचे. वडील गेलेले, आई शाळेत नोकरी करून निवृत्त झालेली. गडी शांत, बारीक मिशीचा. सकाळी निघण्याआधी यंत्रात फुंकून दाखवायची असते, ती दारूची चाचणी त्याने दिली होती आणि ती स्वच्छ होती. पण मुहूर्त आमच्याकडे कधी वेळेवर लागला आहे? नवरदेवाला उतरवल्यावर अनुज मांडवामागे खुर्ची टाकून बसून राहिला. तिकडे पाहुण्यांची एक फळी गाड्यांच्या डिकीमागे सारखी ये-जा करत होती. डिकीत काय होतं ते मी सांगायला नको. व्यसनमुक्ती समितीचे सचिव कृष्णा पाटील त्या फळीत पुढे होते.

अखेर अक्षता पडल्या. मामा झेंडूच्या टोपल्या घेऊन वर गेले. मांडवावर अर्धी टोपली रिकामी झाली असेल-नसेल, आणि वरचा आवाज बदलला. पंपाचा पट्टा सुटल्यावर मोटर कशी एकदम पोकळ होते, तसा. इंजिनाचा जोर गेला होता. खाली हजारभर माणूस माना वर करून उभं, निम्म्यांच्या तोंडात लाडू.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढे सगळे ती विसरले. इंजिन गेलं तरी वरचं पातं वाऱ्याने फिरत राहतं, आणि तेवढ्या आधारावर जाणता माणूस यंत्र खाली आणू शकतो. पण त्याच्या हातात वेळ असतो तो चार श्वासांचा. अनुजच्या सरळ खाली मांडव होता, बाजूला विजेच्या तारा, पलीकडे रस्ता. त्याने यंत्र मांडवापासून वळवलं, तारांच्या वरून काढलं आणि निर्मळच्या हद्दीत हिरामणभाऊंच्या केळीत आणून बसवलं. केळीचे खांब मऊ. पाती त्यांना कापत गेली, यंत्र कुशीवर झालं आणि थांबलं. पेट घेतला नाही. मामा झेंडूच्या ढिगाऱ्यातून बाहेर आले आणि असे पळाले की मांडवात पोचेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

भाऊ तेव्हा पंपाच्या खोलीतच होते. लग्नाचं आमंत्रण होतं, पण जेवण उशिरा आहे असं कळल्यामुळे ते जरा आधी औषध तपासत होते. बाहेर आले तर केळी आडवी आणि मध्ये हेलिकॉप्टर. त्यांनी अनुजला पट्टा सोडवून ओढून काढलं, बांधाला टेकवून बसवलं. कपाळातून रक्त, हात मोडलेला, डोळे फिरलेले. उंचावरून पडलेला माणूस समोर होता. भाऊंच्या डोक्यात दुसरा विचार आलाच नाही.

"पोरा, डोळे मीट आणि गीळ. औषध आहे," ते म्हणाले.

अनुजने गिळलं. ठसका लागला, तसं भाऊंनी आणखी थोडं दिलं. मग स्वतःही घेतलं. लोक येईपर्यंत बाटली गोणीमागे गेली होती.

रुग्णालयात नियमाप्रमाणे अनुजच्या रक्ताची तपासणी झाली. त्यात दारू निघाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गावाला जे भरतं आलं, ते विचारू नका. हेलिकॉप्टर बघायला विरारपासून नायगावपर्यंतची माणसं आली. भाऊंच्या बांधावर वडापावची गाडी लागली, शेजारी उसाचा रस. पडलेल्या केळीवर बसून लोकांनी फोटो काढले. देवळाच्या मंडळींनी सांगितलं, देवाने तारलं. एक माजी नगरसेवक म्हणाले, ही वाडी बिल्डरच्या घशातून मीच वाचवली होती, नाहीतर आज इथे टॉवर असता. आणि बातमी आली : मद्यधुंद पायलटला व्यसनमुक्ती अध्यक्षाने वाचवले.

झालं! समितीला इतक्या वर्षांत जे मिळालं नव्हतं ते एका सकाळी मिळालं. कृष्णा पाटलांनी तातडीची सभा घेतली, भाऊंचा जाहीर सत्कार ठरवला आणि देवळासमोर फलक लावला : 'पिऊन उडू नका'. आमच्या गावात एरवी कोण उडतो, हे कुणी विचारलं नाही.

भाऊंना मात्र जेवण जाईना. फलकाखालून जाताना ते मान खाली घालायचे. लोक म्हणायचे, केवढा विनय.

सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी आशालताबाई आल्या. रिक्षातून उतरल्या, ओटीवर बसल्या, पाणी प्यायल्या. मी कुंपणापलीकडे मोगरा खुडत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"काका, माझ्या मुलाला तुम्ही बाहेर काढलंत. तुमचे उपकार फिटायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "एकच विचारायचंय. तो म्हणतो, कुणी म्हाताऱ्या गृहस्थांनी मला काहीतरी पाजलं. लवंगेचा वास होता म्हणतो. कंपनीवाले हसतात त्याला. त्यांना बरंच आहे, इंजिनाचं कुणी विचारायला नको, सगळं त्याच्या माथी. त्याचं लायसन्स जाणार आहे, काका. तो मांडवामागे बसून प्यायला, असं चाललंय. तुम्ही त्याला काही दिलं होतंत का?"

यशोदावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. भाऊंनी टोपी काढली, परत घातली.

"पाणी दिलं," ते म्हणाले. "लिंबाचं सरबत असेल."

आशालताबाईंनी हात जोडले आणि गेल्या. रिक्षा वळली. मग यशोदावहिनी वाडवळीत जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी रागावल्या की त्यांच्या तोंडी माहेरची बोली येते, आणि त्या बोलीत नवऱ्यासाठी शब्द पुष्कळ आहेत. शेवटचं तेवढं मराठीत होतं : "त्या बाईच्या जागी मी असते तर?"

सत्काराला गाव लोटलं. शाल, श्रीफळ, हार. कृष्णा पाटलांनी माइकवर भाऊंना दीपस्तंभ केलं, वटवृक्ष केलं, आणि व्यसनाच्या अंधारात भरकटलेल्या पायलटचं उदाहरण देऊन त्यांना चार शब्द बोलायची विनंती केली. भाऊ उठले. नेहमीचं भाषण पोरांच्या ओठांवर तयार होतं.

"तो पोरगा प्यायलेला नव्हता," भाऊ म्हणाले. "मी पाजली. माझ्याकडे बाटली असते."

मग कृष्णा पाटलांनी पुढे होऊन माइक घेतला. त्यांचा गळा भरून आला होता. तो त्यांना कधीही भरून आणता येतो. "बघा, मंडळी! एका तरुणाचं आयुष्य वाचावं म्हणून हा माणूस स्वतःवर डाग घ्यायला तयार आहे! याला म्हणतात मन!" टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊंना दुसरा नारळ मिळाला. पुढच्या रांगेतल्या काही बायकांनी डोळे पुसले.

मग भाऊ वसईला विश्रामगृहावर गेले. तिथे दिल्लीहून आलेले चौकशी अधिकारी उतरले होते. सोबतीला मला नेलं, कारण माझं हिंदी भाऊंपेक्षा बरं. पण तिथे पोचल्यावर भाऊंना धीर धरवेना.

"साहेब, उसने नहीं पिया. हमने पाजा," ते म्हणाले.

साहेब भला माणूस होता. त्याने भाऊंना बसवलं, चहा मागवला. म्हणाला, काल तुमच्या गावचे लोक येऊन गेले. त्यांनी आधीच सांगितलं होतं की आमचे अध्यक्ष फार हळवे आहेत, पोराला वाचवायला खोटंही बोलतील. या माणसाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, अशी ग्वाही दिलीय त्यांनी. "घर जाइए, बाबा. झूठा बयान देना जुर्म है," असंही त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं.

"बोतल है हमारे पास!" भाऊ ओरडले. पण बाटली कुणाकडेही असू शकते. साहेबाला पुरावा हवा होता.

इतकी वर्षं नको असलेलं एक नाव भाऊंनी सांभाळलं होतं, आणि आता ते टाकून द्यायचं म्हटलं तर कुणी टाकू देईना. मला त्यांचा राग यायचा तो गेला आणि गावाचा यायला लागला. पण खरा राग अजून यायचा होता.

तो रुचितामुळे आला. रुचिता ही भाऊंची सून. सासऱ्यांचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. ती चहा देता देता म्हणाली, "बाबा, पुरावा होता. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा ड्रोन हेलिकॉप्टरच्या मागेच होता. तुम्ही त्याच्या तोंडाला बाटली लावताय ते सगळं त्यात आलंय. त्याच दिवशी गावच्या ग्रुपवर पडला होता तो व्हिडिओ."

भाऊंकडे बटणांचा फोन. ग्रुप काय असतो ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, पण मी कचऱ्याच्या गाडीबद्दल दोन वाक्यं लिहिली म्हणून मला त्या ग्रुपमधून मागेच काढून टाकलं होतं.

"म्हणजे सगळ्यांनी बघितला?" भाऊंनी विचारलं.

"सगळ्यांनी."

"तू?"

रुचिताने मान खाली घातली.

भाऊ तसेच उठले आणि घरोघर गेले. मी मागोमाग. प्रत्येक दारात तोच प्रश्न, आणि प्रत्येक दारात खुर्ची पुढे करून तेच प्रेमळ उत्तर. "डिलीट केला, भाऊ. तुमच्यासाठीच केला." "तुमची बाटली आम्हाला काय नवीन आहे? पण बाहेर कशाला जाऊ द्यायची?" "अहो, समितीची अब्रू आहे." कृष्णा पाटलांनी तर सगळ्यांना फोन करून डिलीट करायला लावला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ड्रोनवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, मी लग्नाला नव्हतोच. त्याच्या ड्रोनला परवानगी नव्हती.

म्हणजे बघा. भाऊंची बाटली कोणत्या गोणीमागे असते हेसुद्धा गावाला माहीत होतं. ज्या डोक्यांवरून त्या पोराने यंत्र वळवलं, तीच ही सगळी डोकी. मांडवावर पडलं असतं तर यातली किती उरली असती? आणि त्यांना गावाची लाज झाकायची होती, तीही जी कुणाला वाटतच नव्हती. पोराचं लायसन्स गेलं तर जाऊ दे, तो काय विरारचा.

शेवटी रुचितालाच सुचलं. हेमाली तिची कॉलेजातली मैत्रीण. लग्नाच्या फिल्ममधून सासरच्यांनी हेलिकॉप्टर पडल्याचा भाग अपशकुनी म्हणून कापायला लावला होता, पण कापण्याआधीचं सगळं चित्रीकरण नवरीकडे होतं. रुचिताने फोन केला. चांदीपला त्यावरून बरीच आदळआपट झाली म्हणतात. सासरे म्हणाले, आपली बदनामी होईल. केयूर नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना मान डोलावत राहिला. हेमाली म्हणाली, "लग्न माझं होतं, त्यामुळे व्हिडिओही माझा. आणि तो माणूस सरळ खाली आला असता तर मी विधवा व्हायच्या आधीच मेले असते." हातावरची मेंदी अजून गेलेली नव्हती. तशीच रिक्षा करून ती आली आणि भाऊंबरोबर विश्रामगृहावर गेली.

साहेबाने व्हिडिओ पाहिला. पायलटला दोन घोट, मग अध्यक्षांना तीन. साहेबाने तो भाग पुन्हा लावला, बहुतेक खात्रीसाठी. यशोदावहिनींनी बाटली टेबलावर ठेवली. फर्डिनंडही आला होता. त्याने साहेबाला सांगितलं, माझ्यावर केस करायची तर करा, पण माल चांगला होता हे लिहा.

दारूचा आरोप मागे पडला. दोष इंजिनाकडे गेला, जिथे तो पहिल्यापासून होता. अनुजचं लायसन्स राहिलं. फर्डिनंडला दंड झाला, तो भाऊंनी भरला. समितीने भाऊंना अध्यक्षपदावरून काढलं आणि कृष्णा पाटलांना बसवलं. भाऊंना त्याचं सुखच वाटलं असेल.

पण आमचं गाव सत्काराशिवाय राहू शकत नाही. अनुज निर्दोष ठरल्यावर महिन्याभरात समितीनेच त्याचा सत्कार ठरवला. 'गावाचे प्राण वाचवणाऱ्या वीराचा गौरव.' तेच मैदान, त्याच खुर्च्या. हात अजून गळ्यात अडकवलेला अनुज आणि त्याची आई व्यासपीठावर. भाऊ अगदी मागे, माझ्याशेजारी. कृष्णा पाटलांनी वीर केलं, देवदूत केलं, शाल पांघरली आणि मातोश्रींना दोन शब्द बोलायला सांगितलं.

आशालताबाई उठल्या. जन्मभर शाळेत शिकवत आलेल्या बाई, आवाज मागपर्यंत पोचत होता.

"माझा मुलगा घरात दार लावून बसला होता," त्या म्हणाल्या. "जेवत नव्हता. आई, मी खरंच प्यायलो होतो का, असं मला विचारायला लागला होता. इतक्या लोकांनी सांगितल्यावर त्यालाच खरं वाटायला लागलं होतं. तेव्हा तो व्हिडिओ तुमच्यापैकी कोणाकोणाच्या फोनमध्ये होता? हात वर करा."

कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतल्या माणसांना आपल्या चपला फार बघण्यासारख्या वाटायला लागल्या. बाई थांबून राहिल्या, वर्गात थांबतात तशा. आणि माझ्या शेजारचा हात हळूहळू वर गेला. हिरामणभाऊंचा. ज्याच्याकडे फोनच धड नव्हता त्याचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात खाली घेतला नाही.

"तुम्ही खाली घ्या, काका," आशालताबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत."

त्यांनी मुलाच्या खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली, त्याचा धड हात धरला आणि दोघं मधल्या वाटेने चालत निघून गेले. त्यांना वाट देताना सगळ्यांनी पाय आत घेतले. कृष्णा पाटील माइकसमोर उभे होते. सत्काराचं पुढे काय करतात, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग कुणीतरी त्यांच्या कानात काही सांगितलं आणि त्यांनी चहा आल्याचं जाहीर केलं. सगळं गाव एकदम उठलं.